बिऱ्हाडातला ‘ऱ्ह’

‘काही नाही हो, केबल लावायची, रात्री निवांत झोपायचं, सकाळी सगळं नव्यात आलेलं असतं.’ विंडोजचा संगणक सोडून मॅक घेणाऱ्या माणसाला दुकानात हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं, आणि त्यातली खरी गोम अशी की ते खोटं नसतं. सकाळी सगळं आलेलं असतंच. मोजून घ्या हवं तर, जुन्यात जेवढ्या फाइली तेवढ्याच नव्यात, एक बाइट इकडे नाही की तिकडे नाही. तरीही दुपारी बाराच्या सुमारास तोच माणूस कपाळाला हात लावून बसलेला दिसतो. एक फाइल आहे पण उघडत नाही, दुसरी उघडते पण वाचता येत नाही, तिसरी वाचता येईल पण सापडत नाही. मग दोष केबलला दिला जातो, मॅकला दिला जातो, दुकानातल्या पोराला दिला जातो आणि घरात कोणी इंजिनिअर असेल तर, तो सिव्हिलचा का असेना, त्यालाही दिला जातो. माझं म्हणणं असं की यातलं कोणीही दोषी नाही. फाइल ही भांड्याकुंड्यांसारखी उचलून नेण्याची वस्तू आहे असं आपण धरून चालतो, तिथेच घोडं पेंड खातं. फाइल म्हणजे अर्धी आकड्यांची रास आणि अर्धी समजूत. हे आकडे कसे वाचायचे, कुठून उचलायचे, कोणत्या नावाने हाक मारायची, याबद्दल त्या एका यंत्रात झालेली ती समजूत असते. केबलमधून आकडे जातात, समजूत जुन्या घरीच राहते.

बिऱ्हाड हलवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. टेम्पोत कपाट चढतं, गॅस चढतो, तुळशीची कुंडी शेवटी मांडीवर चढते. पण पाणी सहा ते सात, मधलं बटण दाबलं तर जिन्यातला दिवा लागतो, किल्ली शेजारच्या काकूंकडे, वाणी महिनाअखेरीपर्यंत थांबतो, हे टेम्पोत चढत नाही. नव्या घरी पहिल्या सकाळी साबण लावून झाल्यावर नळ कोरडा पडतो तेव्हा कोणी टेम्पोवाल्याला फोन करत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण थेट टेम्पोवाल्याला धरतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि अनेक चालती-बोलती यंत्रं एका रात्रीत निवृत्त ठरली. त्यातल्या काही घरांनी विंडोज ११ घेतलं, काहींनी ‘आता एकदाच काय ते’ म्हणून मॅकचा रस्ता धरला. अशा घरांत या कोरड्या नळांचा अनुभव सध्या ताजा आहे, म्हणून नळ एकेक करून तपासू.

पहिला नळ उंबऱ्यातच आहे. विंडोजची हार्ड डिस्क बहुधा एनटीएफएस नावाच्या पद्धतीने लावलेली असते. ती मॅकला जोडली की मॅक सगळं दाखवतो, काढून घेऊ देतो, पण तिच्यावर एक अक्षर लिहू देत नाही. वस्तुसंग्रहालयातल्या पाटीसारखं: पाहा, हात लावू नका. म्हणून माणूस पेनड्राइव्हकडे वळतो. तो फॅट३२ पद्धतीचा असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावतच नाही. पेनड्राइव्ह ६४ जीबीचा, रिकामा, आणि ५ जीबीचा लग्नाचा व्हिडिओ म्हणतो, मी मोठा आहे. रिकाम्या मंगल कार्यालयात वरात दारात अडावी तसा हा प्रकार. दोन्ही घरांना चालणारी एक्सफॅट नावाची पद्धत २००६ पासून आहे आणि मॅकला ती २०१० पासून समजते. म्हणजे तोडगा आहे, पण तोही काय, दोघांना मान्य असलेली एक समजूतच.

दुसरा नळ ‘डी’चा. भारतीय घरात ‘डी ड्राइव्ह’ हा डिस्कचा नुसता भाग नाही, ती श्रद्धा आहे. विंडोजमध्ये अक्षरं ‘सी’पासून सुरू होतात, कारण ‘ए’ आणि ‘बी’ फ्लॉपींसाठी राखून ठेवलेली होती. फ्लॉप्या कधीच गेल्या, तरी त्यांच्या खोल्या अजून कोणाला दिलेल्या नाहीत. ‘सी’मध्ये खुद्द विंडोज राहते आणि ती आजारी पडली की दुरुस्तीवाला येऊन म्हणतो, ‘सीला फॉरमॅट मारतो, डीला हात लावत नाही.’ या एका वाक्यावर आपल्याकडच्या दोन पिढ्यांनी मुलांच्या बारशाचे फोटो, सोसायटीचे हिशोब आणि वडिलांची पेन्शनची कागदपत्रं ‘डी’त नेऊन ठेवली. मॅकमध्ये ‘डी’ नाही. ‘सी’ही नाही. तिथे अक्षरांच्या खोल्या नाहीतच. ‘डी’तलं सामान एका फोल्डरात येऊन पडतं खरं, पण त्यातली जी एक्सेलची फाइल दुसऱ्या फाइलीकडून आकडे मागवते, ती अजून ‘डी’त जा, हिशोबात जा, २०१९ मध्ये जा, असाच पत्ता सांगत राहते. त्याहून बिकट गत शॉर्टकटांची. पडद्यावरची चित्रं पेनड्राइव्हवर ओढून निर्धास्त झालेल्या माणसाने कित्येकदा फाइल आणलेलीच नसते, तिच्याकडे जाण्याचा रस्ता तेवढा आणलेला असतो. हापूसची पेटी म्हणून आणली आणि उघडली तर आत देवगडचा नकाशा.

तिसरा नळ नावांचा, आणि इथे महाराष्ट्राला खास मान आहे. विंडोजमध्ये फाइलीच्या नावात नऊ चिन्हं चालत नाहीत. त्यांत तिरकी रेघ आहे, प्रश्नचिन्ह आहे, अपूर्णविरामही आहे. म्हणजे ज्या कागदावर या राज्यातल्या निम्म्या भाऊबंदक्या उभ्या आहेत त्या ७/१२ ला विंडोजमध्ये स्वतःच्या नावाने राहता येत नाही. तो ७-१२ होतो, ७१२ होतो किंवा ‘सातबारा गावचा नवीन’ होतो. मॅकवर मात्र ७/१२ हे नाव बिनबोभाट देता येतं, आणि पहिल्याच दिवशी माणसाला वाटतं, आलो बुवा योग्य ठिकाणी. पण मॅकच्या पोटात तिरक्या रेघेचं काम वेगळंच आहे, फोल्डर वेगळे करण्याचं. म्हणून वर आपल्याला ७/१२ दाखवून आत तो गुपचूप ७:१२ असं लिहून ठेवतो. खालच्या खोलीत, म्हणजे टर्मिनलमध्ये, डोकावलं तर आपली वडिलोपार्जित जमीन सात बाराची लोकल झालेली दिसते. हीच फाइल पुन्हा विंडोजवाल्या चुलत भावाला द्यायला जा, तिथे तिरकी रेघही चालत नाही आणि अपूर्णविरामही. जमिनीचा वाद असा तंत्रज्ञानाच्या पातळीवरही मिटत नाही.

आता मुख्य नळाकडे येऊ. मराठी फायलींचा हा नळ आतून गंजलेला आहे आणि ते आपल्याला नवं घर घेईपर्यंत कळत नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे आणि विंडोजने ती २००० सालच्या आवृत्तीत घरात घेतली. पण छापखाने, डीटीपीवाले, वकिलांचे टायपिस्ट आणि दिवाळी अंक तेवढे दिवस थांबू शकत नव्हते. त्यांनी कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी असले फॉन्ट वापरले, आणि त्या फॉन्टांची युक्ती संगीत नाटकातल्या स्त्रीपार्टासारखी होती. फाइलीत मराठी अक्षर नसतंच. असतं इंग्रजी अक्षर, फॉन्ट त्याला शालू नेसवतो, नथ घालतो आणि ‘म’ म्हणून रंगमंचावर आणतो. प्रयोग उत्तम होतो, कोणाला संशय येत नाही. नव्या यंत्रात तो फॉन्ट नसतो, शालू गळून पडतो आणि प्रेक्षकांना मिश्या दिसतात. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द लिहिला तर फाइलीत प्रत्यक्ष साठतं काय? ई, जे, के, मग कॅपिटल बी, मग एच. तुम्ही वीस वर्षं मराठीत लिहीत होता असं तुम्हाला वाटत होतं, आणि संगणकाच्या लेखी तुम्ही वीस वर्षं ‘इजेकेबीएच’ लिहीत होता. बरं, हीच अक्षरं दुसऱ्या कंपनीच्या फॉन्टमध्ये ‘मराठी’ होतील अशीही खात्री नाही. प्रत्येक नाटक मंडळीचा शालू वेगळा आणि तो नेसायची तऱ्हाही वेगळी.

यावर कोणी म्हणेल, मग मॅकवर तोच फॉन्ट टाका, संपला विषय. बऱ्याचदा फॉन्ट टाकल्यावर मजकूर दिसतोही. पण दिसणं वेगळं आणि असणं वेगळं. त्या फाइलीत ‘मराठी’ शोधा, सापडणार नाही, कारण तो शब्द तिथे कधी नव्हताच. तिथला उतारा मेलमध्ये चिकटवून मामांना पाठवा, त्यांच्याकडे पुन्हा मिश्या. दुसरा म्हणेल, कन्व्हर्टर असतात की. असतात, आणि त्यांची दया यावी असं त्यांचं काम आहे. जुन्या फॉन्टात माणूस डोळ्यांना दिसेल तसं टाइप करत होता, आधी पहिली वेलांटी, मग अक्षर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम, आधी अक्षर, मग वेलांटी. रफाराचं नेमकं उलट, जुन्यात तो मागून येऊन डोक्यावर बसत होता, नव्यात तो आधी येतो. म्हणजे कन्व्हर्टरला प्रत्येक ‘कि’पाशी आणि प्रत्येक ‘धर्मा’पाशी पाहुण्यांच्या जागा बदलाव्या लागतात, आणि पंगत वीस वर्षांची असते. त्यातून मजकुरात मध्येच खरंखुरं इंग्रजी आलं की त्याचाही हा भाबडा कन्व्हर्टर शालू समजून अर्थ लावतो. पत्त्यात इंग्रजीत लिहिलेलं पुणे कृतिदेवच्या हिशोबाने ‘च्नदम’ होऊन बाहेर पडतं. पुण्याबद्दल बाहेरच्या लोकांनी आजवर बरंच काही म्हटलं असेल, पण हे नव्हे.

युनिकोड आल्यावर तरी सुटलो का? बरेचसे सुटलो, आणि हे मोकळेपणाने मान्य केलं पाहिजे. आज लिहिलेली युनिकोड फाइल मॅक, विंडोज, लिनक्स आणि भाच्याचा फोन या चारही ठिकाणी मराठीच राहते. तरी कोपऱ्यात थोडा ओलावा आहेच. ‘बिऱ्हाड’ हाच शब्द घ्या. त्यातला तो ‘ऱ्ह’ खास आपला, हिंदीला त्याची गरज पडत नाही. तो संगणकात लिहिण्याचे निदान तीन मार्ग आहेत. युनिकोडने ‘ऱ’ला स्वतंत्र जागा दिली आहे, ती वापरून हलन्त द्यावा, हा एक. साधा ‘र’ घेऊन त्याला नुक्ता लावावा आणि मग हलन्त, हा दुसरा. साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे शून्य रुंदीचा, डोळ्यांना न दिसणारा जोडक टाकावा, हा तिसरा. पडद्यावर तिन्ही बिऱ्हाडं सारखीच दिसतात, पोटात मात्र वेगळी. २०१७ पर्यंत मॅकमध्ये जी फाइल-व्यवस्था होती ती फाइलीच्या नावात पहिला ‘ऱ’ दिसला की आपण होऊन त्याचा दुसरा प्रकार करून ठेवत असे. ‘बिऱ्हाड’ नावाचं फोल्डर मॅकवर जाऊन विंडोजला परत आलं की ते जुन्या ‘बिऱ्हाड’शेजारी दुसरं ‘बिऱ्हाड’ म्हणून मांडी घालून बसू शकतं. तेच नाव, तीच अक्षरं, पण विंडोज शपथेवर सांगते की या दोघांचा संबंध नाही. हीच कथा ‘ॲ’ची. त्याला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली २००८ साली, त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र ठेवून भागवत होते. म्हणून आजही कोणाचं ‘ॲडमिशन’ शोधायला गेलं की निम्मी ॲडमिशनं सापडतात आणि निम्मी पुढच्या फेरीत जातात.

आकड्यांना तरी समजूत लागत नसेल असं वाटण्याचा संभव आहे. एक्सेलमध्ये तारीख म्हणजे ठरावीक दिवसापासून मोजलेले दिवस. विंडोजच्या एक्सेलने मोजणी धरली १९०० पासून, मॅकच्या जुन्या एक्सेलने १९०४ पासून. दोन्हींत फरक १,४६२ दिवसांचा, म्हणजे चार वर्षं आणि वर एक दिवस. १९०० वाल्या वहीतल्या जन्मतारखा उचलून १९०४ वाल्या वहीत चिकटवल्या की सगळी मंडळी चार वर्षांनी लहान होतात. वधू-वर सूचक मंडळांनी या सोयीकडे पुरेसं लक्ष दिलेलं दिसत नाही. नव्या मॅकवरही आता मोजणी १९०० पासूनच होते, पण जुनी वही आपली जुनी मोजणी सोबत घेऊन येते. आकडा तोच, बाइट तेच, फक्त ‘कधीपासून मोजायचं’ ही समजूत वेगळी, आणि तेवढ्यावर माणसाचं वय बदलतं.

या सगळ्यावर नेहमीचा आक्षेप असा, की हे गबाळ्या माणसांचे हाल आहेत. शिस्तीत फोल्डर लावले असते तर ही वेळ आली नसती. या आक्षेपाला उत्तर म्हणून मी म्युनिक शहराची महापालिका सादर करतो. जर्मन माणसावर बाकी काहीही आरोप करता येईल, गबाळेपणाचा नाही. या महापालिकेने २००३ मध्ये विंडोज सोडून लिनक्सवर जायचं ठरवलं, दहा वर्षं खपून सुमारे १५ हजार संगणक हलवले, कचेरीतल्या पत्रांचे नमुने आणि साचे सांभाळायला वोलमक्स नावाचं स्वतःचं सॉफ्टवेअर लिहिलं, आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. त्यात राजकारण होतं, हे महापालिका म्हटल्यावर वेगळं सांगायला नको. पण तक्रारींत एक ठळक तक्रार होती ती बाहेरच्यांशी होणाऱ्या कागदपत्रांच्या देवघेवीची. आपल्या घरातली समजूत बदलता येते, पण ज्यांच्याकडे हळदीकुंकवाला जायचं त्यांची बदलता येत नाही. शिस्तीने फाइल सापडते, ती वाचता येईलच असं नाही.

दुसरा आक्षेप तरुण मंडळींचा, की आता सगळं क्लाउडवर असतं, यंत्र कुठलंही असो. हे पाऊण खरं आहे. पण गूगल डॉक्सची फाइल तुमच्या संगणकावर दिसते तेव्हा तिच्या पोटात मजकूर नसतो, ‘मजकूर अमुक ठिकाणी आहे’ अशी चिठ्ठी असते. तिची प्रत काढून पेनड्राइव्हवर ठेवणं म्हणजे बँकेच्या लॉकरची किल्ली तिजोरीत ठेवून दागिने घरी आणल्याचं समाधान मानणं. क्लाउडने समजुतीचा प्रश्न सोडवला नाही, समजूत एका घरमालकाच्या हाती सोपवली. तो आहे तोवर पाणी आहे. मालक बदलायची वेळ आली की काय होतं ते व्हॉट्सॲपने दाखवलंच. अँड्रॉइडवरच्या गप्पा आयफोनवर नेण्याची अधिकृत सोय २०२२ मध्ये आली, तोवर फोन बदलणारी माणसं कुटुंबाच्या ग्रुपमध्ये कोऱ्या पाटीने बसत होती, ‘त्या दिवशी कोण काय बोललं’ याचा पुरावा नसताना.

तिसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे. सगळ्याचं पीडीएफ करून ठेवा, ते कुठेही उघडतं. उघडतं, यात वाद नाही. १९९३ मध्ये ते निघालं तेच ‘जसं इथे तसं तिथे’ दिसावं म्हणून. पण कैरीचं लोणचं होतं, लोणच्याची कैरी होत नाही. जुन्या फॉन्टातल्या मजकुराचं पीडीएफ केलं तर शालू-नथीसकट फोटो काढल्यासारखं ते कायम देखणं दिसेल, पण त्यातून दोन ओळी उचला, की पुन्हा ई, जे, के. वाचण्यापुरतं ठेवायचं असेल तर लोणचं घालावं, पुन्हा लावायचं असेल त्याची कोय जपावी. आणि चौथा आक्षेप, ‘एवढं हवंय कशाला, द्या सोडून’, तो मात्र मी अर्धा मान्य करतो. २०११ सालच्या वीजबिलासाठी वोलमक्स लिहिण्याची गरज नाही. पण काय सोडायचं हे ठरवण्यासाठी आधी ते वाचता यावं लागतं, आणि वाचण्याची समजूत फक्त जुन्या यंत्राकडे आहे. न वाचता येणारी गोष्ट आपण टाकतो तेव्हा त्याला निवड म्हणत नाहीत.

म्हणून माझा निष्कर्ष केबलबद्दल नाही, क्रमाबद्दल आहे. आपण आधी नवं यंत्र आणतो, त्याच दिवशी एक्स्चेंज ऑफरमध्ये जुनं देऊन टाकतो आणि मग फाइली उघडून बघतो. करायला हवं ते उलट. जुनं यंत्र चालू असतानाच हव्या त्या फाइली त्याच्यावर उघडाव्यात, जुन्या फॉन्टातलं मराठी युनिकोडमध्ये करून जुन्याच पडद्यावर मूळ मजकुराशी ताडून पाहावं, नावांतल्या तिरक्या रेघा काढाव्यात, ‘डी’चे पत्ते सोडवावेत, आणि नव्यावर सगळं एकदा वाचून होईपर्यंत जुन्याला घरातून हलवू नये. आपल्याकडे माळ्यावर चादरीखाली एक जुना संगणक असतो. सून त्याला अडगळ म्हणते, भंगारवाला किलोवर तोलतो, एक्स्चेंजवाला त्याचे हजार रुपये सांगून वर उपकार केल्याचा चेहरा करतो. तिघांच्या लेखी तो पत्रा आणि प्लास्टिक आहे आणि त्या हिशोबाने भाव चुकीचाही नाही. पण घरातल्या वीस वर्षांच्या कागदांपुरता तो एकमेव दुभाषी आहे. इ-जे-के-बी-एच म्हणजे काय, ते त्याला अजून एका फटक्यात वाचता येतं.